वळचणीची माती

हिंदोवाच्या घराच्या वळचणीला यंदा एकच घरटं उरलं होतं, आणि त्याच्या धाकट्या बायकोचं, न्यांदेचं मन नेमकं त्याच्यावरच गेलं.

गरोदर बाईला माती खावीशी वाटते, यात गावात कुणालाच नवल नव्हतं. आणि माती खायची तर कुंभारणीची, म्हणजे मातीची घरं बांधणाऱ्या त्या गांधीलमाशीची. तिनं तोंडातल्या पाण्यानं मळलेली, चाळल्यासारखी बारीक, विस्तवावर भाजली की खमंग लागणारी. जुनी, रिकामी घरटी न्यांदेनं केव्हाच फस्त केली होती. आपल्या घरची संपली, शेजारची संपली, मशिदीच्या पडवीतलीही कुणीतरी आणून दिली. राहिलं ते थोरल्या सवतीच्या, बैंदूच्या दारावरचं. मुठीएवढं होतं, अजून ओलं होतं, आणि त्यात राबता होता.

"पिल्लू बाहेर पडू दे, मग घे," बैंदू म्हणाली.

"कधी पडणार ते?"

"पडेल तेव्हा पडेल. त्याला काय तुझ्यासारखी घाई आहे?"

न्यांदे हसली नाही. पहिलटकरीण होती, आणि डोहाळ्यांपुढे कुणाला हसू सुचतं? शेजारची फुदिया तिथंच तांदूळ निवडत बसली होती. फुदियाच्या कानावर पडलेली गोष्ट दिवस मावळायच्या आत नदीवर पोचते. "जिला मूल नाही, तिला दुसरीचं भरलेलं पोट बघवतं होय!" असं तिथं कुणीतरी म्हणालं. बैंदूच्या कानी ते आलंच. एवढ्यावर भागलं असतं तर बरं. उद्या न्यांदेच्या बाळंतपणात काही कमीजास्त झालं, तर गाव बोट कुणाकडे दाखवणार हे सांगायला नको. चेटकीण ठरलेल्या बाईला त्या गावात कुणी विस्तवसुद्धा देत नाही.

घरटं पाडून दिलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण बैंदूला ते जमेना, आणि का जमत नाही हे बोलताही येईना.

बैंदू कुंभारणींना ओळखून होती. त्या काही सगळ्या एका जातीच्या नव्हेत. एक काटकुळी असते, ती झुडपाच्या काटकीवर सुगडाएवढंही नाही असं इवलं मडकं करते, त्याला बाहेर वळवलेला काठसुद्धा काढते. आत अंडं टांगायचं, अळ्या कोंबायच्या, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. पुन्हा ढुंकून बघायचं नाही. दुसरी आळशी. तिला बांधायचाच कंटाळा. दारातलं खिळ्याचं भोक, बोरूची नळी, तिला काहीही चालतं, बूच तेवढं मातीचं. आणि बैंदूच्या दारावरची ही तिसरी, काळीभोर, मागे तांबूस, चांगली थोराड. ही एका वेळी एकच पोर वाढवते. अळी मारून आणते, चावून चावून तिचा गोळा करते आणि पिल्लाच्या तोंडाशी धरते. पिल्लू पोसलं की मगच कोठडी बंद, आणि शेजारी नवी कोठडी. हिच्या नराच्या जबड्याला ही लांब शिंगं! तो घरट्याबाहेर ठाण मांडून बसतो, दुसरा नर आला की भांडतो, बाकी काडीचं काम करत नाही. "आमच्या हिंदोवाचा भाऊ," असं बैंदू नवऱ्यासमोरच म्हणायची, आणि हिंदोवाही हसायचा.

बैंदूला मूल झालंच नव्हतं असं नाही. न्यांदे या घरात यायच्या कितीतरी आधी झालं होतं. ती गरोदर असताना सासूनं तिच्यासाठी असंच घरटं पाडलं, आणि फोडल्यावर आतून पांढरं, लठ्ठ पिल्लू वळवळत पडलं. सासूनं ते कोंबडीपुढे टाकलं आणि माती सुनेला दिली. बैंदूच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिनं खाल्ली. पुढे मुलगी झाली, ती रांगायच्या आत गेली, आणि त्यानंतर कूस उजवली नाही. एका आईचं लेकरू पाडून माती खाल्ली, म्हणून आपलं गेलं, असं बैंदूच्या मनानं घेतलं ते घेतलंच. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आता तर सांगायची सोयच नव्हती. न्यांदेच्या पोटातल्या बाळाबद्दल असा शब्द सवतीच्या तोंडून निघाला, तर तो शापच ठरला असता. आणि त्या बाळाची वाट बैंदू न्यांदेपेक्षा काही कमी बघत नव्हती.

एका दुपारी ती खाचरातून परतली, तर न्यांदे दारात बसकण मारून बसलेली. शेजारी मुसळ पडलं होतं आणि फुदिया कमरेवर हात ठेवून उभी होती. घरटं पाडलं होतं. न्यांदेच्या हातात मातीचं ढेकूळ होतं, पण ते तोंडात गेलं नव्हतं. समोर भुईवर पिल्लू वळवळत होतं. वर कुंभारीण, तोंडात अळीचा हिरवा गोळा धरून, रिकाम्या जागेपाशी घिरट्या घालत होती.

"आक्का, ती त्याला भरवायला आली हो!" न्यांदे हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही उगाच आडव्या येताय. आता माझ्या बाळाचं काय होईल?"

फुदिया टक लावून बैंदूच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांची भीती बैंदूच्या जिभेवर आली. तिनं ती गिळली.

"काय व्हायचंय? काही होत नाही. मीसुद्धा खाल्लं होतं, आत पिल्लू असलेलंच."

तिनं ढेकूळ घेतलं, चुलीतल्या निखाऱ्यांवर भाजलं, फुंकर मारून एक तुकडा मोडला आणि आधी स्वतःच्या तोंडात टाकला. काही बाधायचंच असेल तर मला बाधो, असं ती मनात म्हणत होती. दुसरा तुकडा तिनं न्यांदेच्या हातावर ठेवला.

न्यांदेनं तो तसाच धरून ठेवला. "तुम्ही खाल्लंत. मग पुढे? तुम्हाला तर..."

बैंदू पाठ फिरवून निखारे झाकायला लागली.

"पुढे काय? झाली की मुलगी!" फुदियाच खेकसली. "मी होते ना सुईण. अशी रडली की नदीपलीकडे ऐकू गेलं. गोवरात गेली ती. त्याच साथीत माझी दोन गेली, पलीकडच्या घरातली जुळी गेली. आणि मी तर बाई असली माती कधी तोंडाला लावली नाही, मला वासानंच ओकारी येते. कुंभारणीचा काय संबंध? खा मुकाट्यानं!"

आपण काय बोलून गेलो, हे फुदियाच्या गावीही नव्हतं. गोवर बैंदूला ठाऊक होता. फुदियाची पोरं पुरली तेव्हा ती तिथं होती. पण ते मरण आणि आपल्या घरातलं मरण तिनं कधी एकत्र मोजलं नव्हतं. फुदियाला कुणी दोष दिला नव्हता. बैंदूच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

न्यांदेनं तुकडा तोंडात टाकला. थोडा वेळ चघळला.

"आक्का, नाव काय होतं तिचं?"

हे बैंदूला कधी कुणी विचारलं नव्हतं. एवढ्याशा गेलेल्या पोराचं नाव घरात घेऊ नये म्हणतात.

"याट्टा," ती म्हणाली. "याट्टा नाव होतं माझ्या लेकीचं."