अल्फोन्सचा ढग

"नुसते ढग आहेत. आत चला, सूप प्या!" अल्फोन्सने हाक दिली आणि बावीस पाहुणे कुडकुडत तंबूत शिरले. कुठून कुठून कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफला ध्रुवप्रकाश बघायला आलेली बिचारी माणसे. सूप वाढणारी मी, अल्फोन्सची बायको.

चहाचा चोथा टाकायला मी बाहेर आले, तर त्या ढगातून तारे चक्क दिसत होते. ध्रुवप्रकाश कोवळा असताना ढगासारखाच करडा दिसतो, पण ढगामागे तारे झाकले जातात, ध्रुवप्रकाशातून ते दिसतात. हे मला अल्फोन्सनेच शिकवले होते. एकवीस वर्षे तो बस चालवतोय, लोकांना आभाळ दाखवतोय. असला घोळ नवशिके करतात.

"अल्फोन्स, तारे बघ की वर!"

"कुठं?" त्याने मान वर केली. "थट्टा नको करूस, व्हर्ना."

याच माणसाने आत्ता बर्फावरून चाळीस मिनिटे बस आणली होती.

"कधीपासून दिसत नाही?"

"ऑक्टोबरपासून कमी झालंय. रस्ता पाठ आहे मला."

"आणि रस्त्यात येणारे रानगवे? तेही पाठ आहेत?"

तेवढ्यात वर हिरवे पसरले आणि पाहुणे ओरडत बाहेर धावले. एका म्हाताऱ्या बाईने त्याची बाही धरली. "अहो, हे काय चाललंय, सांगा ना!"

मला त्याचा भयंकर राग आला होता. तरी मी मागे उभी राहून पुटपुटत राहिले, "पूर्वेकडून पट्टा. खाली गुलाबी कड. आता डोक्यावर." तो आपल्या भरदार आवाजात तेच रंगवून सांगत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आवरेना.

निघायच्या वेळी बसमध्ये मी हळूच म्हटले, "बस बिघडली म्हणून कळव. बाकीचं घरी बघू."

त्याने ऑफिसशी बोलायचा वायरलेस उचलला. "रोझ, दुसरा ड्रायव्हर पाठव."

"का रे? बस बंद पडली?"

"बस ठणठणीत आहे. मला दिसत नाही."

मागे बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले. तो उठला, दांडा धरत मागे गेला आणि पाहुण्यांच्या एका रिकाम्या सीटवर बसला. हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळेना.