कडू हात

जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच तिला भावाचं हसणं ऐकू आलं. ती कठडा धरून उभी राहिली. पित्ताशयाच्या ऑपरेशनचे टाके ओढताहेत म्हणून थांबले, असं तिने स्वतःला सांगितलं. पण गेल्या कित्येक महिन्यांत तो तिच्यासमोर असा खळखळून हसला नव्हता.

दार चिमीने उघडलं. धाकटी बहीण. ताई इस्पितळात असताना चार दिवस भावाजवळ राहायला आलेली.

"ताई! फोन नाही का करायचास? खाली आले असते ना मी!"

मागे भाऊ पत्ते पिसत बसला होता. गुळगुळीत दाढी, अंगात नवा शर्ट.

"ताई, ही रडीचा डाव खेळते," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. ऑपरेशन कसं झालं, हे त्याने विचारलं नाही.

दाढीसाठी ती आठ-आठ दिवस त्याच्या मागे लागे. चिमीने एका सकाळीत उरकली होती.

भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा. त्यातली वीस वर्षं स्किझोफ्रेनियाची. सुरुवातीच्या दोन औषधांना आजाराने दाद दिली नाही. पूर्ण डोस, पुरते महिने देऊनही त्याच्या कानातली माणसं बोलतच राहिली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता हे तिसरं. ह्याने फरक पडू शकतो, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटण्याची भीती असते. तपासणी चुकवायची नाही." अठरा आठवडे दर सोमवारी ती त्याला दंडाला धरून रक्त द्यायला नेई आणि तिथून बायंडिंगच्या कारखान्यात जाऊन वह्यांच्या दुमडलेल्या पानांचे फर्मे शिवत बसे. आवाज थांबले नाहीत, पण ओसरले. "आता शेजारच्या घरातल्या रेडिओएवढे येतात," असं तोच म्हणाला होता. त्याबदल्यात त्याला झोप फार येई, रात्री लाळेने उशी भिजे, पोट सुटलं. आणि ह्या सगळ्याचा राग निघे ताईवर. गोळी देणारा हात तिचा, सुईसमोर बसवणारा हात तिचा. चिमी वर्षातून दोनदा येणार, शर्ट आणणार, पत्ते खेळणार. दुरून डोंगर साजरे, असं ती मनातल्या मनात म्हणे, आणि म्हटल्यावर तोंड आणखीच कडू होई.

तिने कपाटातली गोळ्यांची डबी काढली. सात वारांचे सात कप्पे. गेल्या तीन रात्रींचे कप्पे अजून भरलेले.

"चिमे, इकडे ये."

चिमीने डबीकडे पाहिलं आणि पदराशी चाळा करू लागली.

"तो म्हणाला, गोळी घेतली की मी दगड होतो गं. मला वाटलं, तीन दिवसांनी काय बिघडतंय? बघ ना, किती छान आहे तो!"

"छान!" ताईचा आवाज चिरकला. "दीड वर्ष मी वाईट झाले, तेव्हा हे छान दिसतंय तुला. तू आलीस आयत्या बिळावर नागोबा होऊन."

तिने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दोन दिवसांच्या वर खंड पडला ना, म्हणजे पूर्वीचा डोस एकदम द्यायचा नाही. धोका असतो. अर्ध्या गोळीपासून सुरू करू. उद्या घेऊन या. पण मधल्या काळात आवाज उसळतील, लक्ष ठेवा."

तिसऱ्या दिवशी उसळले. चिमी त्याच्यासाठी चहा घेऊन आली, तर त्याने कप भिंतीवर मारला.

"ही चिमी नाही! चिमीचा चेहरा लावून आलीये. ताई, हिला बाहेर काढ!"

तो ताईच्या पाठीमागे जाऊन दडला. तिचा खांदा घट्ट धरून. टाक्यांतून कळ गेली, तरी ती हलली नाही. आणि तेवढ्यात, चिमीचं पांढरं पडलेलं तोंड बघताना, तिच्या पोटात काहीतरी गार, गोड उतरलं. बघ म्हणावं आता. तिला ते स्पष्ट कळलं, आणि आपलीच किळस आली.

तो झोपल्यावर चिमी भिंतीवरचे चहाचे ओघळ पुसत होती. ताई ओट्याला टेकून उभी होती.

"मला बरं वाटलं मघाशी," ताई म्हणाली. "तुला हाकललं तेव्हा. खोटं कशाला बोलू?"

चिमीने फडकं पिळलं. वर न बघता म्हणाली, "मला तुझा हेवा वाटला. घाबरला की तुझ्याच पाठी लपतो. मी काय, पत्त्यांपुरती."

ताईने फडकं तिच्या हातातून घेतलं आणि वरचे डाग, जिथे चिमीचा हात पोचत नव्हता, तिथे पुसायला लागली. टाक्यांची आठवण चिमीनेच करून दिली आणि तिला खाली बसवलं.

डोस पूर्वीच्या जागी यायला कित्येक आठवडे गेले. पुन्हा दर सोमवारी रक्त, पुन्हा तक्रारी. घरी परतलेली चिमी फोन करी, पण भाऊ बहुधा झोपलेला असे. ताई दर वेळी सांगे, "झोपलाय." एकदोनदा तो जागा असतानाही तिने तसंच सांगितलं.

एका रविवारी तो आपणहून उठला, खुर्ची ओढून बसला. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"मी चिमीला काही बोललो का गं? वाईटसाईट?"

"बोललास थोडं."

"रागावलीये?"

झोपली असेल, बाहेर असेल, नंतर करू, असं कितीतरी ओठांवर आलं. तिने चष्मा लावला, नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज येताच म्हणाली, "चिमे, भाऊला बोलायचंय." फोन त्याच्या हातात दिला.

त्याने तो कानाला लावला, आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "ताई, तू आत जा ना. आम्हाला बोलायचंय."

ती स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं. मग नळ मोठा सोडून, सकाळीच घासून ठेवलेली भांडी तिने पुन्हा धुवायला घेतली.