जंक्शन क्लबचा ठराव

शिरूरला रेल्वे नाही. कधी नव्हती. तरी शिरूरच्या चौकात दोन मजले उंच फ्लेक्स लागला होता: 'शिरूर जंक्शन बास्केटबॉल क्लब, चाळीस वर्षांची परंपरा'. मधोमध भारत पऱ्हाडचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरात 'संस्थापक'. भारतनं तो फ्लेक्स पाहिला आणि गाडी न थांबवता दौंडच्या रस्त्याला लागला. स्वतःच्याच तोंडाकडं बघायची त्याची छाती नव्हती.

क्लब दौंडचा. रेल्वेचं जंक्शन तिथं. काढला हौसराव जगदाळ्यांनी, म्हणजे आप्पांनी. लोकोशेडात फिटर होते ते. चौऱ्याऐंशी साली त्यांनी भंगारातल्या सळया वळवून दोन रिंगा केल्या, क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवले आणि पोरं गोळा केली. भारत तेव्हा चौदा वर्षांचा, केंदूरहून मामाकडं शिकायला आलेला, ताडासारखा वाढलेला. "वाकून चालू नकोस," हे आप्पांचं त्याला पहिलं वाक्य. "उंची लाजायची चीज न्हाई."

सत्त्याण्णवला त्या जागेवर इमारत उठली आणि क्लब बंद पडला. सात वर्षं खांब आप्पांच्या दारात आडवे पडून होते, त्यावर धुणं वाळायचं. मग वरवंडच्या एका आडत्याला हौस आली. त्यानं गोडाऊनपुढचं पटांगण सिमेंट करून दिलं, आप्पांनी खांब पुन्हा उभे केले, लीग सुरू झाली आणि आमची पोरं पगारी खेळाडू झाली. "उड्या मारायचा पगार?" असं म्हणत गाव हसायचं आणि मॅच असली की गोडाऊनच्या पत्र्यावर चढून बसायचं. वरवंडला सात वर्षं क्लब जोरात चालला.

दोन हजार अकराला तो वरवंडहून उचलून शिरूरला नेला. कसा, ते सांगतो.

आपल्याकडं संस्था कशा चालतात, हे कुणी शिकवायला नको. आधी मटणाचं जेवण, मग कोऱ्या पानावर सह्या. ठराव मागाहून. ज्याला गरज असेल तो, ज्याला अक्षर असेल त्याच्याकडून, सह्यांच्या वरच्या जागेत लिहून घेतो. वाचत कुणीच नाही. वाचायला मागितलं की माणसाला वाटतं, आपण घरच्यावर संशय घेतोय. वरवंडच्या जेवणात वही भारतनं फिरवली. आप्पांनी सगळ्यात आधी सही केली, रस्सा लागलेला हात धोतराला पुसून. शिरूरचे पुढारी दादासाहेब यांना क्लब आपल्या गावात हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंगल्यावर बसून भारतनं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: क्लब सर्वानुमते शिरूरला हलवण्यात येत आहे. श्री. हौसराव जगदाळे वयोमानामुळे निवृत्त होत आहेत. संस्थापक या नात्याने सर्व अधिकार श्री. भारत पऱ्हाड यांच्याकडे राहतील.

बदल्यात त्याला कोचची जागा मिळाली आणि एमआयडीसीत पर्मनंट नोकरी. तेव्हा त्याचा गुडघा गेला होता. बायको म्हणायची, पुढं काय? ही कारणं त्यानं तेरा वर्षं स्वतःला सांगितली. कारणं खरीच होती. हरामखोरीला खरी कारणंच लागतात. खोट्यावर ती उभी राहत नाही.

शिरूरला क्लब चार वर्षांत मेला. दादासाहेब वारले. आता त्यांचा मुलगा पृथ्वीराज क्लब पुन्हा काढत होता. नवी लीग होती आणि लीगवाल्यांना जुना क्लब हवा होता, इतिहासवाला. इतिहास म्हणजे तो ठराव.

"भारतकाका, त्या दौंडच्या म्हाताऱ्यांना पण आणा," पृथ्वीराज म्हणाला होता. "पहिल्या रांगेत बसवू. रीलला भारी दिसतंय."

म्हणून भारत निघाला होता.

आप्पा दारातच होते. वय चौऱ्याऐंशी. भारतला बघून ते खुर्चीतून उठायला लागले आणि ते उठणं बघवेना.

"ये रं ये! नकुशे, बघ कोण आलंय. च्या टाक."

नकुशी म्हणजे आप्पांची मुलगी. नवरा गेल्यापासून बापाजवळ राहायची, शाळेत खेळाची बाई होती. तिनं भारतकडं बघितलं, 'या' म्हणाली नाही.

"शिरूरला पुन्हा चालू होतंय म्हणं," आप्पा म्हणाले. "चांगलं झालं. कुठंबी होऊ दे, बॉल उडला पायजे. मला यायचंय. क्लब तिकडं नेला तवा तू आडवा पडला असशील बघ त्यांच्या म्होरं, मला म्हाईत हाय. पर तू एकटा काय करणार? सगळ्यांनी मिळून मला काढलं, तू तेवढा..." त्यांना खोकला आला.

भारतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेरा वर्षं हा माणूस असं समजत होता. समजत होता म्हणजे, कुणीतरी तसं समजू दिलं होतं.

चहाच्या निमित्तानं तो आत गेला. नकुशीनं गॅस बारीक केला.

"ठरावाची झेरॉक्स माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "अकरा सालापासून. तुमचं अक्षर वळखायला मला चष्मा लागत न्हाई."

"आप्पांना..."

"न्हाई दाखवली. बारा पोरांवरचा इश्वास गेला त्यांचा. एक उरलाय, त्यो तुमच्यावर. त्योबी काढून घेऊ?"

"नकुताई, मी आत्ता सांगतो. पाया पडतो त्यांच्या."

"वा!" ती फिसकन हसली. "घरात पाया पडायचं आन् मांडवात हार घालून घ्यायचा! लई सोपं. आप्पा काय, 'जाऊ दे पोरा' म्हणतील. तुमचं पोट साफ, आन् फ्लेक्स तसाच. सह्या किती लोकांत घेतल्या?"

"बारा-पंधरा."

"तर मग लोकांतच सांगा. त्यांच्या तोंडावर. न्हाईतर उचला कप आन् चालू लागा."

तिसऱ्या दिवशी भारतनं दोघांना आपल्या गाडीतून शिरूरला आणलं. आप्पा न्हावऱ्यापर्यंत बोलत होते, पुढं डोळा लागला. आरशात नकुशी सारखी भारतकडंच बघत होती.

मांडव जोरात होता. नवीन खेळाडू रांगेत उभे, पंजाबचा एक, केरळचे दोघं. ढोलताशा. पृथ्वीराजचं भाषण झालं. मग निवेदकानं आवाज लावला, "आता ज्यांनी हे रोपटं लावलं, ते आपले संस्थापक..."

भारत स्टेजवर गेला. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. त्यानं माईक मागितला.

"संस्थापक मी न्हाई," तो म्हणाला. "संस्थापक हे म्होरं बसलेत. हौसराव आप्पा."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

हेच ते. आपल्याकडं स्टेजवर चढलेला प्रत्येक माणूस 'मी कोण, हे तर अमक्याचं' असंच म्हणतो. लोकांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. कुणीतरी शिट्टी मारली. निवेदक म्हणाला, "हा विनय बघा मंडळी, हा विनय!" पहिल्या रांगेत आप्पा दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते, त्यांचे डोळे भरले होते. नकुशीचे हात मांडीवर होते.

इथं थांबता आलं असतं. आप्पांचं नाव घेतलं होतं, टाळ्या मिळाल्या होत्या, सगळ्यांचं भागलं होतं. भारतच्या मनात ते आलं, आणि आलं याचीच त्याला किळस वाटली.

"टाळ्या नका वाजवू," तो ओरडला. "ऐकून घ्या. मी चोर हाय. वरवंडला कोऱ्या पानावर सह्या घेतल्या आन् दुसऱ्या दिवशी वर ठराव लिहिला. आप्पांना म्हाईत नव्हतं. आप्पा निवृत्त झाले, हे मी लिहिलं. संस्थापक मी, हे मीच लिहिलं. नोकरी पायजे होती. सकाळी खांब उपसून टेंपोत घातले तवा आप्पा सायकलवर आले. मी केबिनमधी होतो. खाली वाकून बसलो. आप्पा ड्रायव्हरला इचारत होते, भारतला कुणी कळवलं का..."

माईक बंद झाला. पृथ्वीराज हसत हसत त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "काका भावनावश झाले," आणि ताशा सुरू झाला.

आप्पांचे हात टाळीच्या मध्येच थांबले होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले. नकुशीनं त्यांना उठवलं. लोकांनी वाट दिली.

भारत शाल टाकून मागं धावला. "आप्पा, गाडी हाय. सोडतो दौंडला."

"यस्टी हाय," नकुशी म्हणाली.

स्टँडपर्यंत तो चार पावलं मागून चालला. दौंडची गाडी लागलेली होती. आप्पांना पायरी चढवेना. भारतनं हात पुढं केला. आप्पांनी हाताकडं बघितलं आणि दांडा धरला. दोनदा पाय घसरला, तरी दांडाच धरला. चढून झाल्यावर खिडकीशी बसले.

"त्या दिवशी वही वाचायची राहिली व्हती," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, वाचल्याबिगर कागदाला हात लावला न्हाई कवा. तुझ्या हातात व्हती म्हणून न्हाई वाचली."

"आप्पा..."

"खाली वाकलास व्हय रं? एवढा उंच माणूस?"

कंडक्टरनं बेल मारली. गाडी गेली.

भारत तिथंच उभा राहिला. मागून हौशीराम आला, वरवंडच्या टीममधला, त्याच वहीत सही केलेला. पानाची पिंक टाकून म्हणाला, "काय बोललास राव! एवढं खरं बोलायला जिगर लागती. बाहेर समदे तुझंच नाव काढत्यात. पृथ्वीराजबी म्हणतोय, फ्लेक्स राहू द्या."

भारतनं वर बघितलं. चौकात तो दोन मजली माणूस हसतच होता. हौशीरामनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि भारतला ती थाप अंगावरून पुसून टाकता येईना.