हंपीच्या वाटेवरची गाणी

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेतल्या पाच शिक्षिकांनी मेटॅडोर ठरवली आणि हंपीला जायचं नक्की केलं. गाण्यांचं काम त्यांच्यातल्या शरणम्माकडे आलं, कारण टेपरेकॉर्डर तिच्याकडेच होता. मस्कतच्या मामानं दिलेला.

"सिनेमातली नकोत," तिची मैत्रीण जगदेवी म्हणाली. "मांडवामांडवात ऐकून कान किटलेत. काहीतरी नवीन आण की."

रेकॉर्डच्या दुकानात सिनेमा आणि भक्तिगीतं, तिसरं काही नाही. दोन आठवडे ती हिंडली. मग एका सुट्टीच्या दुपारी साखर पेठेतून येताना बंद यंत्रमागांच्या शेडमधून गिटार ऐकू आली. शरणम्मा सरळ आत गेली.

नरसय्या नावाचा विणकर जुन्या रेडिओला जोडलेली गिटार वाजवत होता. त्याची बहीण पोशव्वा विड्या वळायची. तेच विड्यांचं सूप मांडीवर पालथं घेऊन ती बोटांनी ठेका धरत होती आणि खड्या आवाजात गात होती. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी.

"विडी छाटली रं मुकादमा, मी न्हाय छाटली!" खराब म्हणून विड्या बाजूला फेकणाऱ्या मुकादमावरचं गाणं होतं ते.

शरणम्माच्या अंगावर काटा आला. "कुणाचं गाणं हे?"

"आमचंच," पोशव्वा म्हणाली. "दुसरं कोण करणार आमच्यासाठी?"

पुढच्या सुट्टीला शरणम्मानं त्यांची सात गाणी टेप केली. घरी रोज ऐकली. कुठल्या कंपनीनं काढली नव्हती, कुणी ऐकली नव्हती, आणि तिला तर सगळी तोंडपाठ झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिशवी भरताना तिनं कॅसेट लावून पाहिली. आतून मठातलं प्रवचन सुरू झालं. तिनं उलटी करून लावली. तिकडेही प्रवचनच.

"मीच भरून आणलं," वडील, भुसार व्यापारी ईश्वरप्पा, म्हणाले. "शेडमधली गाणी माझ्या घरात न्हाई वाजायची. तुला बघायला बार्शीचे लोक येणार हाईत."

"अप्पा, मला विचारायचं तरी."

"माझ्या घरात मी कुणाला विचारू?"

शरणम्मा संतापली. पण ती रडली नाही. टेपरेकॉर्डर त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "मग हा ऱ्हाऊ दे तुमालाच."

सकाळी मेटॅडोर आली तेव्हा तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "आधी साखर पेठेत घ्या. गाणी घ्यायचीत."

पोशव्वा दारात सडा टाकत होती. सगळं ऐकून तिनं बादली खाली ठेवली. "चार दिवस? मुकादम बोंबलंल की."

"बोंबलू दे."

पोशव्वा हसली आणि भावाला हाक मारायला आत पळाली.

गाडीत मात्र वयानं मोठ्या बजाबाई सरकायला तयार होईनात. "विडीवाली पोरगी आपल्यासंगं? आणि तो बाप्या? शाळेत कळलं तर काय म्हणतील?"

"गाणी आणायला मला सांगितलंत. ही आणली," शरणम्मा म्हणाली. "नको असतील तर मी बी हितंच उतरते."

जगदेवीनं आपली पिशवी मांडीवर घेतली आणि जागा केली. नरसय्या ड्रायव्हरशेजारी बसला.

भीमेचा पूल ओलांडला तेव्हा पोशव्वानं सुरुवात केली. रेडिओ नव्हता, गिटार बारीक वाजत होती, पण सूप आणि आवाज पुरेसे होते. शरणम्मा तिच्याबरोबर मोठ्यानं गात होती. जन्मात कधी इतक्या मोठ्यानं ती बोललीसुद्धा नव्हती. विजापूर येईपर्यंत बजाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. विजापूर सोडल्यावर म्हणाल्या, "ते मुकादमाचं परत म्हण गं."

चौथ्या दिवशी भर दुपारी हंपीहून परतलेली गाडी सोलापूरच्या बाजारात ईश्वरप्पांच्या दुकानासमोर थांबली. शरणम्मा उतरली, पण पोशव्वाचं कडवं अजून चालू होतं. हमाल पोती टाकून बघायला लागले. ईश्वरप्पा गादीवरून उठून आले.

"बंद कर ते. लोक बघायलेत."

"बघू द्या की, अप्पा. ह्या माझ्या मैत्रिणीचं गाणं हाय. स्वतः केलंय तिनं."

"आणि बघायला येणाऱ्यांना मी काय सांगू?"

"हेच सांगा. नाहीतर मी सांगते."

ते वळून आत गेले. पुढं महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. बार्शीचं ते स्थळही आलं नाही.

पण त्या दुपारी शरणम्मा रस्त्यातच उभी राहून पोशव्वाबरोबर शेवटचं कडवं गात होती. एक हमाल म्हणाला, "बाई, आणिक एक हुंद्या," आणि नरसय्यानं गिटारची खुंटी पिळून तार सुरात लावली.