सकाळची दहा मिनिटं

चष्मे तयार करणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात शेवटचं टेबल धाकटीचं होतं. ताई एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला आली आणि दारातूनच "धाकटे!" अशी हाक मारून गेली. तेव्हापासून मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं.

भिंगं घासून, पॉलिश होऊन, फ्रेममध्ये बसली की चष्मा तिच्यापुढे यायचा. तिने तो नंबर मोजायच्या यंत्राखाली धरायचा, डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायचा आणि सही करायची. तिच्यानंतर थेट गिऱ्हाईकाचं नाक. मधे कुणी नाही.

ह्या "मधे कुणी नाही"चीच तिला धास्ती होती. सही केलेला चष्मा ती पुन्हा उघडायची, पुन्हा मोजायची. घरी जाताना अर्ध्या वाटेत वाटायचं, डावं भिंग उजवीकडे तर नाही ना गेलं? एकदा तर तिने कहरच केला. एका शाळकरी मुलीच्या चष्म्याबद्दल मनात किंतु आला, तर पत्ता शोधून सुट्टीच्या दिवशी तिच्या घरासमोर जाऊन उभी राहिली. मुलगी फाटकाबाहेर आली तशी म्हणाली, "बाळा, ती लांबची बस दिसते का? नंबर वाच बरं." मुलीने नंबर खडाखडा वाचला. धाकटीचा जीव भांड्यात पडतोय तोवर मुलीची आई बाहेर आली आणि तिने हिला वेड्यात काढून हाकललं.

ही गोष्ट तिने फक्त ताईला सांगितली होती. ताई पोट धरून हसली नाही, हे तिला फार मोठं वाटलं. उलट म्हणाली, "आपण असं करू. रोज सकाळी मी तुला फोन करते. दहा मिनिटं. आज कशाची भीती वाटतेय ते सगळं ओकून टाकायचं आणि मग कामाला लागायचं."

चार वर्षं ताईचा फोन चुकला नाही. त्या आधाराने धाकटीने स्वतःला हळूहळू वळण लावलं. अवघड नंबरचा चष्मा सकाळी सगळ्यात आधी. मोजायचं एकदाच, पण नंबर मोठ्याने म्हणत. सही झाली की चष्मा डबीत, डबीचं झाकण टक् करून बंद, आणि बंद झालेली डबी उघडायची नाही म्हणजे नाही. पहिले काही दिवस ती चक्क स्वतःच्या हातावर बसायची. पण जमलं. नवी सवय जमली की ती ताईला सांगायची आणि ताई म्हणायची, "वा! थांब, लिहून घेते."

मधल्या काळात ताईचंही बस्तान बसलं होतं. ती ऑफिसांमधून व्याख्यानं द्यायची: कामाचा ताण कसा घालवावा, चांगल्या सवयी कशा लावाव्यात. मालक एकदा म्हणाले, असं काहीतरी आपल्याकडेही ठेवायला हवं, तर धाकटीनेच पुढे होऊन ताईचं नाव सुचवलं. त्या दिवशी खुर्च्याही तिनेच मांडल्या.

ताई बोलायला उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत मालक, मागे वीसेक माणसं. "माझ्या ओळखीची एक बाई आहे," ताईने सुरुवात केली. "तिला रोज वाटतं, आज आपल्या हातून घोटाळा होणार."

धाकटीलाही वाटलं, असेल कुणीतरी बिचारी.

मग ताईने बस आणली. फाटक आणलं. "बाळा, नंबर वाच बरं," हे तर तिने धाकटीच्याच आवाजात म्हणून दाखवलं. हशा पिकला. फ्रेमा बसवणारा हसता हसता मागे वळला आणि धाकटीकडे बघून एकदम गप्प झाला. त्याच्यामागून एकेक मान वळायला लागली.

"आणि मालकांना कळलं तर नोकरी जाईल, ही भीती वेगळीच!" ताई म्हणाली. ह्यावर एकटे मालक हसले; बाकी सगळे हसायचे थांबले होते. मालकांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

पुढे ताईने उपाय सांगितले. अवघड काम आधी. मोठ्याने म्हणत, एकदाच. डबीचं झाकण टक्. "ही मी शोधलेली पद्धत," ती म्हणाली.

चहाच्या वेळी ताईभोवती माणसं जमली. तिची जाडजूड वही टेबलावर उघडी राहिली होती. धाकटीने ती ओढून घेतली. पानापानावर तारखा आणि त्याखाली धाकटीचीच वाक्यं, सकाळच्या फोनवर झोपाळल्या आवाजात सांगितलेली. समासात लाल शाईने ताईचं अक्षर: "इथे हसतील." "इथे थोडं थांबायचं." "रडण्याचा भाग वाढव."

वही घेऊन तिने ताईला जिन्यात गाठलं.

"कसं झालं गं?" ताईचा चेहरा फुलला होता.

"ताई, तू माझं सांगितलंस."

"नाव घेतलं का मी?"

"नाव कशाला घ्यायला हवं? तू माझी बहीण आहेस हे इथे सगळ्यांना माहीत आहे."

"अगं, पण लोकांना किती उपयोग झाला बघ! तुला अभिमान वाटायला हवा."

"आणखी कुठे कुठे सांगितलंस?"

ताई पर्सची चेन लावत राहिली. ती लागेना. "बऱ्याच ठिकाणी. पहिल्या वर्षापासून."

"म्हणजे रोजचा फोन तू ह्यासाठी करत होतीस?"

"तसं नाही गं. तुझी काळजीही होतीच की."

ते "ही" धाकटीने बरोबर ऐकलं. वही ताईच्या हातात कोंबून ती खाली उतरली आणि तळमजल्यावरच्या नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला बोलावलं. "तुम्ही काही दिवस पॅकिंगला बसा. ताण कमी होईल."

"माझ्या सहीचे किती चष्मे परत आले, साहेब?"

"प्रश्न चुकांचा नाही हो. तुम्हाला त्रास होतो ना?"

"त्रास मला होतो. चष्म्यांना नाही."

मालकांनी मान डोलावली, पण टेबल पॉलिशवाल्याला दिलं. तो भला माणूस, कामात मात्र ढिला. तीन आठवड्यांत पाच चष्मे परत आले, त्यात एकात तर डावं-उजवंच उलटं. मालक स्वतः पॅकिंगपाशी आले. माफीबिफी काही नाही, "उद्यापासून तुमच्या जागेवर" एवढंच बोलले.

ती जागेवर बसली. पण आता झाकण टक् झालं की पलीकडे कुणीतरी हळूच जिभेने "टक्" करायचं. वाईट हेतूने नव्हे, गंमत म्हणून. पहिल्या दिवशी तिने सात चष्मे दोनदा मोजले. दुसऱ्या दिवशी फ्रेमा बसवणाऱ्याने एकाला खडसावलं, "पुरे आता!" तेव्हापासून ते थांबलं. तिने त्याचे आभार मानले नाहीत. तोही हसला होता.

ताईचे फोन तिने उचलले नाहीत. शेवटी आईच्या औषधांच्या निमित्ताने बोलावंच लागलं. औषधांचं झाल्यावर ताईने आवाज मऊ करून विचारलं, "बाकी बरी आहेस ना? भीती नाही ना वाटत हल्ली?"

धाकटीसमोर त्या दिवशीचा सगळ्यात अवघड चष्मा पडला होता आणि तिचे तळवे घामाने ओले झाले होते.

"छे," ती म्हणाली, "काहीच नाही." आणि फोन ठेवून तिने नंबर मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.