चाकूची दमडी

जपानला निघायला नऊ दिवस उरले होते आणि पालिकेच्या कचेरीत हेल्काच्या टेबलावर तीस चाकू तसेच पडून होते. फिनलंडच्या त्या लहानशा शहरातले कारखानदार व्यापार वाढवायला ओसाकाला जाणार, आणि पालिकेतर्फे यजमानांना भेट काय, तर गावच्या लोहारानं घडवलेले चाकू! हट्ट नगराध्यक्ष ताइस्तोचा. आपल्याकडे चाकू देणं म्हणजे मान, असं त्याचं म्हणणं.

"आणि त्यांच्याकडे चाकू म्हणजे संबंध तोडणं!" हेल्का कडाडली. "नाती जोडायला चाललोय की कापायला?"

"तुझं आपलं काहीतरीच," ताइस्तो कॉफी ओतत म्हणाला.

शेवटी तिनंच मनाचा हिय्या करून यजमानांना सगळं खरं लिहून टाकलं. दोन दिवस ती दर तासाला मेल उघडून बघत होती. आज उत्तर आलं: 'चाकू जरूर आणा. माझी आजी चाकूच्या बदल्यात एक नाणं द्यायची. मग तो विकत घेतल्यासारखा होतो, नातं तुटत नाही. आम्ही सगळे खिशात नाणं घेऊन येऊ.'

हेल्काच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. ती खो खो हसत सुटली. "अरे, ही तर आपलीच जुनी रीत! आपण कसे विसरलो?"

ताइस्तो हसला नाही. त्यानं खिसे चाचपले आणि एक नाणं तिच्यासमोर ठेवलं.

"हे कशाचं?"

"माझ्या पन्नाशीला तू मला चाकू दिला होतास. तेव्हा नाणं द्यायचं राहिलं," तो म्हणाला. "तीन वर्षं आपण भांडतोय, ते उगाच नाही."