काठावरचे आकडे

तो कॅमेरा घ्यायला मी काकांच्या दुकानात ओळीने चार शनिवार गेले. काका माझे नात्यातले कुणी नव्हेत. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं फोटोचं दुकान. पुढे काउंटर, मागे काळ्या पडद्याआड फिल्म धुण्याची खोली आणि भिंतीशी जुन्या कॅमेऱ्यांनी भरलेलं काचेचं कपाट. सत्तरी ओलांडलेला माणूस, हाताला कायम फिल्म धुण्याच्या औषधांचा आंबूस वास. मी तेव्हा एका छापखान्यात बाइंडिंगला होते. वीस वर्षं कागदाच्या घड्या घालून आणि पुस्तकं शिवून बोटांना घट्टे पडले होते. पगार बेताचाच. पण हौसेला मोल नसतं, असं माझा नवरा म्हणायचा. कौतुकाने म्हणायचा नाही.

मला रेंजफाइंडर जातीचाच कॅमेरा हवा होता. त्यात आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरचा माणूस दोन-दोनदा दिसतो. लेन्सवरची कडी हळूहळू फिरवत न्यायची. दोन माणसांचा एक माणूस झाला की समजायचं, फोटो स्पष्ट येणार. पण मी ज्या नावाजलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघून ठेवली होती, त्यातल्या एकाच्या किमतीत आमच्या स्कूटरसारख्या दोन स्कूटर आल्या असत्या.

"नाव विकत घ्यायचंय की फोटो काढायचेत?" काकांनी विचारलं आणि खालच्या फळीवरून एक चपटा, जडशीळ कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. "ह्याची लेन्स निघत नाही, बदलता येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. लेन्स मात्र अस्सल आहे."

त्यांनी मला जुना कॅमेरा कसा बघायचा ते शिकवलं. मागचं झाकण उघडून लेन्समध्ये टॉर्च मारायचा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघायची. शटर सगळ्यात हळू वेगावर लावून कानाशी धरायचं, अडखळतं का ऐकायचं. झाकणाच्या खोबणीतला स्पंज डांबरासारखा चिकट झाला असेल तर घाबरायचं नाही, तो खरवडून काळी लोकर चिकटवायची. ह्या कॅमेऱ्याचा उजेड मोजायचा काटा मेलेला होता, कारण त्या जातीची बॅटरी आता निघत नाही.

"मेलाय म्हणून तर तुमच्या आवाक्यात आलाय," काका म्हणाले. "उजेड डोळ्याने ओळखायला शिका, ताई. आणि ही डावीकडची चकती बघा. फिल्म पुढे ओढली की ही फिरली पाहिजे. नाही फिरली तर आत फिल्म अडकलेलीच नाही. दर वेळी बघायचं."

"हो हो," मी म्हटलं. माझं लक्ष किमतीकडे होतं. कोपऱ्यातला पोचा दाखवून, दोनदा दारापर्यंत जाऊन परत येऊन मी ती निम्म्यावर आणली. वर चामड्याची पिशवी आणि एक रीळ फुकट घेतलं. काका हसले. "तुमच्यापुढे बाजारातली भाजीवालीही हात टेकेल."

घरी नवऱ्याने तो कॅमेरा उलटसुलट करून बघितला. तो गाड्यांचा मेकॅनिक, यंत्र दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. "घरात तीन मोबाईल, तिन्हीत कॅमेरे," तो म्हणाला. "आणि तू पगार घालवून बिनडोळ्यांचा चौथा आणलास. असो. बनावट चांगली आहे."

वर्षभरात माझे फोटो खरंच चांगले यायला लागले. मशीनवर वाकलेला मशीनमन, सुईत दोरा ओवताना डोळे बारीक केलेली आक्का. आक्का म्हणजे आमच्या खात्यातली सगळ्यात जुनी बाई, एकतीस वर्षं तिथे घालवलेली. ते फोटो बाइंडिंगच्या भिंतीवर लागले. मला सगळे फोटोबाई म्हणायला लागले. मीही मग जरा चढून गेले. कुणी मोबाईल काढला की म्हणायचे, "ठेव तो. हजार फोटो काढतोस, एकदा तरी उघडून बघतोस का?"

मग छापखाना विकला गेला. शेवटचा दिवस शनिवार ठरला, सोमवारी मशीनं भंगारात जाणार होती. मीच सुचवलं की सगळ्यांचा शेवटचा फोटो फिल्मवर काढू, प्रत्येकाला मोठी प्रिंट देऊ. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी एक पुठ्ठ्याचा खोका फिरवला आणि सगळ्यांना त्यात मोबाईल टाकायला लावले. "आज एकही मोबाईल नको. नीट उभे राहा, नीट बघा." फोरमनने सगळ्यात आधी आपला टाकला.

सकाळी घाईत, बसमध्ये उभ्या-उभ्या मी रीळ भरलं होतं. चकती फिरते का ते बघितलं नाही.

दोन तास मी फोटो काढले. कटिंग मशीनजवळ तिघे. फोरमन आपल्या टेबलाशी, टेबलावर काहीच नसताना. आक्का शिलाईच्या बाकावर. तिने केस पुन्हा विंचरून घेतले होते. मशीनमनने मशीनवर हात ठेवला आणि तोंड फिरवलं, मी थांबले, मग त्याने डोळे पुसून परत माझ्याकडे बघितलं. शेवटी सगळे तेवीस जण फाटकाच्या पायऱ्यांवर. छत्तीस फोटोंचं रीळ, ते संपलं की फिल्म ओढायचा खटका आपोआप अडतो. माझा अडेना. सदतीस झाले, अडतीस झाले, एकोणचाळीस झाले.

मी एका बाजूला गेले आणि रीळ उलटं गुंडाळायला घेतलं. छत्तीस फोटोंची फिल्म गुंडाळताना बोटाला ओढ लागते, बराच वेळ लागते. मला दोन फेऱ्यांत चकती मोकळी लागली. गरगर फिरायला लागली.

मला तिथेच कळलं. फिल्मचं टोक आत अडकलंच नव्हतं. दोन तास मी रिकामा कॅमेरा खटखट वाजवत होते.

सगळे अजून तिथेच होते. ऊन होतं. खोका माझ्या पायाशी होता, त्यात तेवीस मोबाईल होते. "चुकलं माझं, परत उभे राहा," एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात फोरमन माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज हिने आपल्यावर उपकार केलेत बरं का! नाहीतर कोण कशाला आठवण ठेवणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आक्काने माझा हात धरला.

"मस्त आले असणार," मी म्हटलं आणि खोका पुढे केला. एकेकाने आपापला मोबाईल उचलला.

तरीही मी ते रीळ काकांकडे नेऊन दिलं. बोटांना कळलेलं मन मानायला तयार नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. दोन दिवसांनी गेले तेव्हा काका काउंटरवर ती फिल्म पसरून बसले होते. काचेसारखी नितळ.

"ताई, काहीच आलं नाही हो. पूर्ण कोरी..."

त्यांना पुढे बोलू न देता मी म्हटलं, "तुमचं औषध जुनं झालं असणार."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी माझीच बोंब मला ऐकू आली. काका उठून पडद्यामागे गेले. बाटल्या हलल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"मंगळवारीच नवीन केलं होतं. पण पाणी किती गरम होतं ते मी बघितलं का?" ते माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होते. "घड्याळ अलीकडे नीट दिसत नाही. माफ करा, ताई. त्या लोकांचा शेवटचा दिवस होता ना?"

त्यांनी कपाटातून दोन नवी रिळं काढून माझ्यासमोर ठेवली. भरपाई म्हणून. मी ती घेतली. हे सांगताना आजही माझी मान वर होत नाही, पण घेतली, पिशवीत टाकली आणि कोरी फिल्मही गुंडाळून घरी आणली.

छापखान्याच्या ग्रुपवर मी लिहिलं की दुकानात फिल्म धुताना खराब झाली. खूप जण हळहळले, काही चिडले. आक्काने रात्री फोन करून मलाच धीर दिला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. तू तुझं काम केलंस." दुकान कुठलं ते कुणीतरी विचारलं, तेही मी सांगितलं. चार दिवसांनी मशीनमनचा फोन आला. आवाजात शौर्य होतं.

"चांगला झाडला म्हाताऱ्याला. दुकानात चार पोरं बसली होती, त्यांच्यासमोर! म्हटलं, जमत नाही तर दुकान बंद करा ना. लोकांच्या आठवणींशी कसले खेळता?"

"मग? ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'बरोबर आहे तुमचं' म्हणाला. मान खाली."

त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. स्टँडवर जायला लांबचा रस्ता धरला. कॅमेरा चादरींच्या कपाटात गेला. नवऱ्याने एकदा विचारलं, मी म्हटलं, कंटाळा आला.

सहा आठवडे झाले असतील. एका रविवारी सकाळी त्याला माझ्या टेबलाच्या खणात ती फिल्म सापडली. तो स्क्रू शोधत होता. खिडकीशी धरून त्याने ती निरखली.

"ही तीच का, म्हाताऱ्याने बिघडवलेली?"

"हं."

"मग हे काठावरचे आकडे कसे उमटले?"

फिल्मच्या कडेला कारखान्यातच अंक उठवलेले असतात, ते धुतल्यावर दिसायला लागतात. एक, दोन, तीन, छत्तीसपर्यंत. ह्या फिल्मवर ते सगळे ठसठशीत काळे होते.

"औषध मेलेलं असतं तर हे आकडेही यायला नकोत ना?" तो म्हणाला.

"तुला त्यातलं काय कळतं?"

"मला नाहीच कळत. म्हणून तुला विचारतोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने फिल्म परत खणात ठेवली, स्क्रू न घेताच बाहेर गेला आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाला, "गॅरेजात मीही एकदा माझी चूक दुसऱ्यावर ढकलली होती. त्याची नोकरी गेली. तो कुठे असेल, मला माहीत नाही. तुझा माणूस निदान बसस्टँडमागे बसलेला आहे."

दुसऱ्या दिवशी मी गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका चष्म्यावर भिंग लावून एका शटरची पाती पुसत होते. मी काउंटरपाशी उभी राहून सगळं सांगितलं. बसमध्ये भरलेलं रीळ, मोकळी फिरलेली चकती, टाळ्या, सगळं. त्यांनी भिंग काढलं नाही.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"तुम्ही गेल्यावर लगेच नाही. आधी मीही घाबरलो. सगळी औषधं ओतून दिली, परत बनवली. मग संध्याकाळी आठवलं, फिल्म वाळत घातली होती तेव्हा आकडे चांगले दिसत होते. भरताना उजेड लागलेलं टोकही काळं झालेलं होतं. म्हणजे धुण्यात खोट नव्हती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तो मशीनमन आला तेव्हा तरी?"

आता त्यांनी भिंग काढलं. "काय बोलणार होतो? तुमची फोटोबाई खोटारडी आहे, असं? मला वाटलं होतं तुम्ही दोन दिवसांत याल. आठवड्याने तरी." त्यांनी भिंग काउंटरवर ठेवलं. "ती चार पोरं आली नाहीत परत. त्यातली एक मुलगी माझ्याकडे फिल्म धुणं शिकत होती."

मी दोन्ही रिळं काउंटरवर ठेवली. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"मला नका सांगू, मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

ग्रुपवर लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा पुसलं. पण त्या आठवड्यात कामाचे दाखले घ्यायला सगळ्यांना छापखान्याच्या ऑफिसात बोलावलं होतं. पंधरा-सोळा जण जमले. आतला हॉल मोकळा झाला होता, जमिनीवर मशीनांच्या जागी तेलाचे चौकोन उरले होते. मी दाराशी उभं राहूनच सांगितलं. आवाज फुटत नव्हता म्हणून फोरमनने "काय? मोठ्याने बोल" म्हटलं, आणि मला पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं.

कुणी ओरडलं नाही. मशीनमनचा चेहरा लाल झाला. "त्या म्हाताऱ्याला मी काय काय बोललो, माहीत आहे तुला?" एवढं म्हणून तो दाखला न घेताच निघून गेला. फोरमन कागद चाळत राहिला. आक्का माझ्याजवळ आली.

"फोटो नाही आले तर नाही आले," ती म्हणाली. "पण आम्ही तिथेच होतो गं. पाच मिनिटं परत उभे राहिलो असतो. तू नुसतं म्हणायला हवं होतंस."

त्यावर मला रडू आलं. ती जवळ उभी राहिली, पण ह्या वेळी तिने माझा हात धरला नाही.

मशीनमन काकांकडे गेला होता, असं मला नंतर कळलं. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. त्याने ग्रुप सोडला. शिकणारी मुलगी परत आली की नाही, हे विचारायचा मला धीर झालेला नाही.

दोन महिन्यांनी मी एक रीळ घेऊन दुकानात गेले. घरातलेच फोटो होते, गॅरेजातून आलेला नवरा, त्याचे हात. काकांनी ते घेतलं आणि काउंटरखालून पावतीपुस्तक काढलं. पूर्वी ते मला पावती देत नसत, नुसतं "परवा या, ताई" म्हणत. आता छापील पावती होती आणि तिच्यावर एक नवी ओळ होती: गिऱ्हाइकासमोर रीळ तपासून घेतले. त्यांनी रिळाचं टोक मला दाखवलं, पेन उघडलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि सही करायला पावती माझ्याकडे वळवली.